प्रॉमला पाठवायचं की नाही? जरा सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्याहून न्यू जर्सीत येऊन तुम्हाला सहा वर्षं झाली. मुलगी सीनियर इयरला आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने बारावीत. वर्गातल्या एका मुलाने कॅफेटेरियात, सगळ्यांदेखत, हातात रंगवलेलं पोस्टर धरून तिला प्रॉमला, म्हणजे शाळा संपताना होणाऱ्या औपचारिक नाच-जेवणाच्या कार्यक्रमाला, येशील का असं विचारलं. तिने तिथल्या तिथे हो म्हटलं आणि घरी मात्र काही दिवसांनी, ड्रेसचा विषय निघाला तेव्हा सांगितलं. ड्रेस चारशे डॉलरचा. प्रॉम संपल्यावर दहा-बारा जणांच्या ग्रुपने जर्सी शोअरला, म्हणजे इथल्या समुद्रकिनाऱ्यावर, दोन रात्रींसाठी घर घेतलंय. तुमच्या मिस्टरांचं म्हणणं, हे असलं काही आपल्या घरात नको. मुलगी खोलीचं दार लावून बसली आहे. आणि तुम्ही विचारताय की प्रॉम म्हणजे नक्की असतं काय, इथली माणसं त्याला एवढं डोक्यावर का घेतात, आणि पाठवायचं की नाही.

मी न्यू जर्सीतल्याच एका सरकारी हायस्कूलमध्ये शिकवते, आणि बरीच वर्षं क्लास अॅडव्हायझरचं काम करते. हॉल बुक करणं, तिकिटं विकणं, कुणाला कुणाशेजारी बसायचं नाही त्या याद्या सांभाळणं, आणि त्या रात्री भिंतीला पाठ लावून पहारा देणं हे सगळं त्या कामात येतं. त्यामुळे प्रॉमची बाजू मी आतून बघते. माझं मत आधीच सांगून टाकते: प्रॉमला पाठवा, शोअरच्या घराला नाही म्हणा, आणि हे दोन्ही एकाच वाक्यात, एकाच बैठकीत मुलीला सांगा. मात्र तुमची मुलगी कशी आहे, तो मुलगा कोण, तुमच्या शाळेचे नियम किती कडक आहेत, यातलं मला काही माहीत नाही. त्यावर उत्तर थोडं इकडेतिकडे होईल. कुठे होईल ते पुढे सांगतेच.

तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकात एक अडकल्या आहेत असं मला वाटतं. एक म्हणजे ती संध्याकाळ, सात ते अकरा. दुसरी, तो मुलगा. तिसरी, अकरानंतरची रात्र. घरात भांडण चाललंय ते पहिलीच्या नावाने, पण काळजी आहे ती दुसरीची आणि तिसरीची. आपल्याकडचे बहुतेक पालक तिन्हींना मिळून एकच 'नाही' देतात. मुलीला मात्र त्यातलं फक्त पहिलंच 'नाही' ऐकू येतं, कारण तिच्या लेखी तेच सगळ्यात मोठं आहे.

ते एवढं मोठं का, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. ही पद्धत आली कॉलेजांतून. १९व्या शतकाच्या शेवटी अमेरिकेच्या ईशान्येकडच्या कॉलेजांमध्ये पदवीच्या वर्गाचा औपचारिक नाच व्हायचा. श्रीमंत घरांत वयात आलेल्या मुलीला समाजापुढे आणण्याचे जे सोहळे व्हायचे, त्यांची ती मध्यमवर्गीय नक्कल होती. १९२०-३० च्या सुमारास ती हायस्कुलांत उतरली. तेव्हा शाळेच्या जिममध्ये क्रेप कागदाच्या झालरी लावून, चांगले कपडे घालून, शिक्षकांच्या देखरेखीखाली नाच, एवढंच होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांच्या हातात पैसा आला आणि प्रॉम जिममधून हॉटेलांत आणि क्लबांत गेला. १९७५ साली तर तो थेट व्हाइट हाउसमध्ये झाला. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांची मुलगी सुझन हिच्या वर्गाचा प्रॉम ३१ मे १९७५ ला ईस्ट रूममध्ये पार पडला. गंमत म्हणजे त्या दिवशी आई-वडील दोघेही युरोपच्या दौऱ्यावर होते आणि मुलींवर लक्ष ठेवायला काकू होती. हे तुमच्या मिस्टरांना सांगा, कदाचित हसतील.

म्हणजे मुळात हा मोठ्यांनीच मुलांसाठी मांडलेला कार्यक्रम आहे. टेबलावर चार काटे-चमचे, कोट, बो-टाय, मनगटावर फुलांचा कॉर्साज, समोरच्याशी नीट बोलणं. मोठ्यांच्या जगात कसं वागतात ते एक रात्र वागून बघा, आम्ही आसपास आहोत, असा त्याचा हिशेब आहे. पोरं याला बंड समजतात, पण तिकिटावर मुख्याध्यापकांची सही असलेलं हे बंड आहे.

दुसरं कारण आपल्याला बाहेरून आल्यामुळे चटकन दिसत नाही. पुण्यात शाळा ही आपण निवडतो. सदाशिव पेठेतला मुलगा कर्वे रोडच्या शाळेत जाऊ शकतो, दहावीनंतर सगळे वेगवेगळ्या ज्युनिअर कॉलेजांत पांगतात, आणि शाळा सुटली तरी शहर सुटत नाही. इथे शाळा गावाची असते. तुम्ही जो प्रॉपर्टी टॅक्स भरता त्यातला सगळ्यात मोठा हिस्सा न्यू जर्सीत शाळेला जातो. घर घेताना लोक आधी शाळा बघतात. ज्या मुलांनी बालवाडीत एकमेकांचे क्रेयॉन पळवले तीच मुलं सतराव्या वर्षी एकत्र प्रॉमला जातात. आणि ऑगस्ट उजाडला की ती पन्नास राज्यांत फुटतात, ती पुन्हा एका छताखाली सहसा येत नाहीत. त्यामुळे आमच्याकडे जूनच्या सुरुवातीला प्रॉम आणि मग दोन-तीन आठवड्यांत ग्रॅज्युएशन, या दोन दिवशी सगळं गाव भावुक झालेलं असतं. प्रॉमच्या दिवशी चार वाजता तुमच्या गावातल्या बागेत किंवा तळ्याकाठी जाऊन बघा. मुलं, आई-बाप, आजोबा, शेजारचे, कुत्री, सगळे फोटो काढायला जमलेले असतात.

मिडवेस्टमध्ये तर याहून पुढची गोष्ट आहे. विस्कॉन्सिन, आयोवा, मिनेसोटा इथल्या लहान गावांत 'ग्रँड मार्च' होतो. जिममध्ये गावकरी बाकांवर येऊन बसतात आणि एकेक जोडीचं नाव पुकारलं जातं, ती जोडी सगळ्यांसमोरून चालत जाते. ज्यांची मुलं त्या वर्गात नाहीत असेही लोक येतात. विस्कॉन्सिनमधल्या रसीन शहरात १९५३ पासून तिथला रोटरी क्लब सगळ्या हायस्कुलांचा मिळून एक पोस्ट-प्रॉम, म्हणजे प्रॉमनंतरची पार्टी, करतो. मुलं सजवलेल्या ट्रकमधून, जुन्या गाड्यांमधून, कधी अग्निशामक गाडीवरून येतात, रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे असतात आणि स्थानिक टीव्हीवर ते दाखवतात. गणपतीच्या मिरवणुकीला जसं मूर्ती कुणाच्या मंडळाची हे न बघता आपण रस्त्यावर उभे राहतो, तसंच ते आहे. आमच्या न्यू जर्सीत एवढं थाटाचं नसतं, पण भाव तोच: ही आमच्या गावची मुलं, आता ती मोठी झाली.

या 'आमच्या'त कोण बसतं आणि कोण नाही, यावरून प्रॉमचं महत्त्व खरं कळतं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्या मुलांच्या दृष्टीने प्रश्नाचा गाभा हाच आहे.

१९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला काळा-गोरा भेद बेकायदा ठरवला. दक्षिणेतल्या अनेक गावांत शाळा प्रत्यक्षात एकत्र व्हायला १९७० उजाडलं. मग गोऱ्या पालकांपुढे प्रश्न आला की वर्ग एक झाला, आता प्रॉमही एक होणार? त्यावर काढलेली पळवाट अशी की शाळेनेच प्रॉम भरवणं बंद करायचं. गोऱ्या मुलांचे पालक आपला खाजगी प्रॉम करणार, काळ्या मुलांचे पालक आपला. खाजगी कार्यक्रम म्हटल्यावर कायद्याचा हात तिथवर पोचत नाही. गणिताच्या तासाला एका बाकावर, फुटबॉलला एका टीममध्ये, आणि प्रॉमला मात्र दोन वेगळे हॉल. मिसिसिपीतल्या चार्ल्स्टन गावात हे २००८ पर्यंत चाललं. त्या भागातले अभिनेते मॉर्गन फ्रीमन यांनी १९९७ मध्येच सांगितलं होतं की सगळ्यांचा एक प्रॉम करा, खर्च मी देतो. शाळेने तेव्हा ते मनावर घेतलं नाही. अकरा वर्षांनी त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा पहिला एकत्र प्रॉम झाला, आणि त्या वर्षीही काही गोऱ्या पालकांनी आपला वेगळा केलाच. जॉर्जियातल्या विलकॉक्स काउंटीत २०१३ मध्ये दोन काळ्या आणि दोन गोऱ्या मैत्रिणींनी पुढाकार घेऊन, पैसे जमवून, पहिला एकत्र प्रॉम घडवला. पुढच्या वर्षी शाळेने स्वतःचा प्रॉम सुरू केला.

कोण कुणासोबत जाणार, यावरूनही कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. १९८० मध्ये ऱ्होड आयलंडच्या आरन फ्रिक या विद्यार्थ्याला मित्राला जोडीदार म्हणून प्रॉमला न्यायचं होतं. मारामारी होईल या भीतीने मुख्याध्यापकांनी नकार दिला. फेडरल कोर्टाने मुलाच्या बाजूने निकाल दिला आणि शाळेला सांगितलं की भीती वाटत असेल तर बंदोबस्त वाढवा, त्याला अडवू नका. तीस वर्षांनी, २०१० मध्ये, मिसिसिपीत कॉन्स्टन्स मॅकमिलन या मुलीला मैत्रिणीसोबत जायचं होतं, तर शाळेने अख्खा प्रॉमच रद्द केला. कोर्टाने तिच्या हक्कांवर गदा आली असं म्हटलं, आणि शेवटी शाळा मंडळाला ३५,००० डॉलर देऊन प्रकरण मिटवावं लागलं.

एका नाचासाठी माणसं कोर्टात जातात, चाळीस वर्षं दोन हॉल चालवतात, ते नाचासाठी नाही. मी या गावची आहे की नाही, याचं उत्तर त्या रात्री सगळ्यांसमोर मिळतं म्हणून. आता तुमच्या मुलीकडे या बाजूने बघा. ती सहावीत असताना आली. नव्या उच्चारांशी झगडली, डब्यातल्या भाजीच्या वासावरून कुणी काही बोललं असेल, कुणाच्या वाढदिवसाला बोलावणं आलं नसेल. आणि आता भर कॅफेटेरियात, सगळ्या वर्गादेखत, तिला कुणीतरी आमच्यात ये म्हणतं. तिने हो म्हटलं ते मला तरी समजतं. तुम्हाला न विचारता म्हटलं हे चुकलंच, पण शंभर पोरं मोबाइल रोखून उभी असताना 'घरी विचारून सांगते' म्हणणं चाळिशीतल्या बाईलाही जमलं नसतं. त्या पोस्टरच्या फॅडचा मला स्वतःला वैताग आहे. नाही म्हणण्याची सोयच ते ठेवत नाही.

आता तो मुलगा. बरेचदा पालक समजतात की प्रॉमला बरोबर जाणं म्हणजे काहीतरी ठरलं. तसं असतंही कधी. पण मी हॉलमध्ये जे बघते ते सांगते. जोडीने आत येतात, दारात फोटो काढतात, आणि जेवण वाढून होईपर्यंत जोड्या मोडलेल्या असतात. साडेआठला टेबलांखाली उंच टाचांच्या सँडल्सचा ढीग असतो आणि मुली अनवाणी गोल करून मुलींबरोबर नाचत असतात. मुलगे कडेला कोट काढून उभे, नाहीतर गोडाच्या टेबलापाशी. संथ गाणी सगळ्या रात्रीत दोन-तीन. डीजेने भांगडा लावला की देशी मुलं मधोमध येतात आणि बाकीचे त्यांच्याकडे बघून खांदे उडवायला लागतात. त्यात प्रेमप्रकरणं असतातच, नाही असं नाही, पण ती आदल्या दिवशीही असतात. प्रॉममुळे सुरू झालेली मला फार आठवत नाहीत. कितीतरी मुलं तर आता दहा-बारा जणांच्या ग्रुपमध्येच येतात.

तरी त्या मुलाला एकदा घरी बोलवा. हा माझा आग्रह आहे. चौकशीला म्हणून नको, फोटोच्या आधी दहा मिनिटं. इथल्या रीतीत ते बसतं, मुलगा दारात येतो, हस्तांदोलन करतो, कॉर्साज देतो. त्याच्या आईचा फोन नंबर घ्या आणि तिला फोन करा. तीही तुमच्याइतकीच धास्तावलेली निघेल. हा मुलगा तुमच्या शाळेतला नसेल किंवा वयाने बराच मोठा असेल, तर मात्र माझं उत्तर वेगळं असेल. शाळा बाहेरच्या पाहुण्यासाठी वेगळा फॉर्म भरून घेतात, सहसा २१ च्या वरचा पाहुणा चालत नाही. तुम्ही मात्र त्यापेक्षा कडक राहायला हरकत नाही.

भारतातल्या नातेवाइकांची काळजी तुम्ही ओझरती लिहिली आहे, म्हणून तेवढंच सांगते. तुमच्या शाळेत दहावीच्या निरोप समारंभाला मुली आईची साडी नेसून गेल्या असतील. तसाच हा शाळेचा निरोप आहे, असं फॅमिली ग्रुपवर सांगितलंत तर खोटं काही होणार नाही. मुलगा कोण म्हणून विचारलं तर 'वर्गातला'.

ती संध्याकाळ सुरक्षित असते का? माझ्या अनुभवात त्या आठवड्यातली ती सगळ्यात जास्त पहारा असलेली जागा असते. दारात बॅगा तपासतात, काही शाळांत श्वासाची चाचणीही करतात. एकदा बाहेर पडलं की परत आत येता येत नाही. ठरलेल्या वेळेआधी निघालं तर घरी फोन जातो. शिक्षक, सिक्युरिटी, बहुतेक वेळा एखादा पोलीस असतोच. त्या दिवशी शाळेत गैरहजर राहिलं तर प्रॉमला येऊ देत नाहीत. हॉलही तुमच्या ओळखीचाच निघेल, कारण जिथे आपली लग्नं आणि दिवाळीचे कार्यक्रम होतात त्याच बँक्वेट हॉलांत आमचे प्रॉम होतात.

खरी गोष्ट पुढे सुरू होते, अकराला दिवे लागल्यावर.

आधी गाडी. न्यू जर्सीत सतराव्या वर्षी मिळतं ते प्रोबेशनरी लायसन्स. त्यावर रात्री ११ नंतर पहाटे ५ पर्यंत गाडी चालवता येत नाही आणि आई-वडील किंवा पालक गाडीत नसतील तर एकच माणूस बरोबर घेता येतो. नंबरप्लेटवर ते लाल स्टिकर असतं ते त्यासाठीच. म्हणजे 'अमुक मित्र सोडेल मला' हे प्रॉमच्या रात्री कायद्यातच बसत नाही, मित्र अठराचा होऊन त्याला पूर्ण लायसन्स मिळालं असेल तरच. आणि तो असला तरी मी नको म्हणेन. दमलेली पोरं, अंधार, सहा जण कोंबलेले. पालकांनी पाळी लावून आणणं-सोडणं हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात चांगला उपाय. लिमो किंवा पार्टी बस पैसे वाटून घेतली तर परवडते, फक्त परतीचा पत्ता कुणाच्या घरचा आहे ते आधी ठरलेलं असावं.

मग दारू. अमेरिकेत १९८४ च्या फेडरल कायद्यापासून वयाची अट २१ आहे. वाढत्या अपघातांमुळे बऱ्याच ठिकाणी पालक आणि शाळांनी रात्रभराचे बिनदारूचे कार्यक्रम सुरू केले. प्रोजेक्ट ग्रॅज्युएशन नावाची चळवळ १९८० च्या सुमारास मेन राज्यातून पसरली ती अशीच, तरुण मुलांच्या लागोपाठ मृत्यूंनंतर. शाळेच्या जिममध्ये किंवा एखाद्या रिक्रिएशन सेंटरमध्ये मुलांना कोंडायचं, खेळ, खाणं, बक्षिसं, आणि सकाळी घरी. तुमच्या गावात असं काही असेल तर तुमचं काम सोपं झालं. पीटीएला, म्हणजे पालक-शिक्षक संघाला, विचारा, आणि जमलं तर स्वयंसेवक म्हणून नाव द्या. पहाटे तीनला पॅनकेक वाढणारी मराठी आई मुलीला लाज आणेल, पण तेवढं चालतं.

आणि शोअरचं घर. न्यू जर्सीतल्या मुलांची ही जुनी प्रथा आहे, प्रॉम झाला की सीसाइड हाइट्स नाहीतर वाइल्डवुड. याला मी नाही म्हणेन, आणि मुलगी कितीही शहाणी असली तरी म्हणेन. कारण तिथे प्रश्न तिच्या शहाणपणाचा राहत नाही. घरात बारा जण असतील, दुसऱ्या रात्री त्यांचे मित्र येऊन पंचवीस होतील, आणि पहाटे काही झालं तर जबाबदार मोठं माणूस तिथे नसतं. एक साधा प्रश्न मुलीला विचारा: घर कुणाच्या नावावर घेतलंय? २१ च्या खालच्यांना सहसा कुणी घर भाड्याने देत नाही, म्हणजे कुणातरी पालकाने सही केलेली असणार. त्या पालकाला फोन करून विचारा, तुम्ही तिथे राहणार आहात का? उत्तर 'हो, दोन्ही रात्री' असं आलं आणि ती माणसं तुमच्या ओळखीची असली, तर विचार करता येईल. 'मुलं समजूतदार आहेत हो' असं आलं, तर विषय संपला. दुसऱ्यांच्या अल्पवयीन मुलांना आपल्या घरात पिऊ देणं हा या राज्यात गुन्हा आहे, हे त्या पालकांनाही बरेचदा माहीत नसतं.

पण नुसतं नाही म्हणून सोडू नका, त्याच्या बदल्यात काहीतरी द्या. माझ्या ओळखीच्या मराठी घरांत चाललेला उपाय म्हणजे आपलं बेसमेंट. आठ-दहा जणांना रात्री साडेअकराला घरी बोलवा, गाड्यांच्या किल्ल्या एका टोपलीत जमा, पिझ्झा आणि पावभाजी, मुली वरच्या खोलीत झोपतील, मुलांना त्यांचे पालक एक वाजता घेऊन जातील. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मिळून शोअरला जाऊन संध्याकाळी परत, तेही उजेडात. शोअरची हौस भागते, फक्त रात्र वजा होते. इथल्या गोऱ्या पालकांनाही हे पटतं, बहुतेक जण कुणीतरी असं म्हणण्याची वाटच बघत असतात.

आणखी एक करार आधीच करून ठेवा. रात्री कितीही वाजता, कुठूनही, तिने अमुक एक शब्द मेसेज केला की तुम्ही घ्यायला जाणार, आणि त्या रात्री एक अक्षर विचारणार नाही. विचारायचं ते दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर. हे तुमच्या मिस्टरांनी स्वतः तिला सांगावं. वडिलांच्या ओरडण्याच्या भीतीने फोन न करणारी मुलगी नको त्या गाडीत बसते.

मिस्टरांना सांगायला माझ्याकडे एवढा एकच मुद्दा आहे, पण तो पुष्कळदा लागू पडतो. ऑगस्टच्या अखेरीस ती कॉलेजच्या डॉर्ममध्ये असेल. तिथे ती कुठे जाते, कुणाबरोबर जाते, कधी परत येते, हे तुम्हाला कुणी कळवणार नाही. हातात मोजकेच महिने आहेत. तिला परवानगी मागायची, तुम्हाला अटी घालायची आणि दोघांना त्या पाळून दाखवायची ही संधी घरच्या जवळ, ओळखीच्या माणसांत मिळते आहे. या वेळी सरसकट नाही म्हटलंत तर ती पुढच्या वेळी विचारणारच नाही. अशी मुलं मी बघते: घरून नाही आलेली, मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते म्हणून सांगून बॅगेत ड्रेस घालून आलेली. त्यांचा फोन बंद असतो आणि आई-वडिलांना ती कुठे आहे हे माहीत नसतं. त्या रात्री मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती त्यांचीच.

धर्मामुळे किंवा घरच्या रीतीमुळे मुलामुलींचा एकत्र नाच अजिबातच चालणार नसेल, तर त्यावरही लोकांनी वाटा काढल्या आहेत. मिशिगनमधल्या हॅमट्रॅमिक गावात, जिथे येमेनी आणि बांगलादेशी कुटुंबं बरीच आहेत, २०१२ मध्ये मुलींनीच खटपट करून फक्त मुलींचा प्रॉम केला. आत पुरुष नाहीत म्हटल्यावर हिजाब काढून, ठेवणीतले कपडे घालून मुली मनसोक्त नाचल्या. आई-बापांचं मन मोडलं नाही, आणि रात्रही हुकली नाही. तुमच्या घरचा प्रश्न तिथवर गेलाय असं तुमच्या लिहिण्यावरून वाटत नाही, पण कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहिलं.

पैशांचं थोडक्यात. व्हिसा कंपनीने २०१५ मध्ये केलेल्या पाहणीत एका कुटुंबाचा प्रॉमचा सरासरी खर्च नऊशे डॉलरच्या वर निघाला होता, आणि त्यातले तीनशेहून जास्त नुसत्या त्या पोस्टरबाजीवर. एवढं करायची काही गरज नाही. आमच्याकडे तिकीट शंभर डॉलरच्या आसपास असतं, तेवढं धरून एक आकडा ठरवा आणि तो तिच्या हातात द्या. ड्रेसवर घालवायचा की केसांवर, ते तिचं तिला ठरवू द्या. घरातला लेहंगा किंवा साडी सुचवून बघा, जबरदस्ती नको. आमच्याकडे दरवर्षी काही जणी लेहंग्यात येतात आणि त्यांच्याभोवती गर्दी होते, पण ज्या मुलीला त्या एका रात्री वेगळं दिसायचं नसेल तिला तो नको असतो, आणि ते रास्त आहे. पैशांचीच अडचण असेल तर गायडन्स काउन्सेलरला हळूच सांगा. बऱ्याच शाळांत तिकिटाची सोय होते, वापरलेले चांगले ड्रेस मोफत देणाऱ्या संस्था जवळपास सगळीकडे आहेत, आणि या गोष्टीचा बोभाटा कुणी करत नाही.

आणि समजा उद्या तिनेच सांगितलं की नाही जायचं, तर तेही बिनधास्त मान्य करा. दरवर्षी वर्गातली बरीच मुलं येत नाहीत. कुणाला गर्दी नको असते, कुणाला तो खर्च मूर्खपणा वाटतो, कुणी त्या रात्री घरी सिनेमे बघतात, आणि दहा वर्षांनी त्यांचं काही अडलेलं नसतं. २०२० मध्ये तर करोनामुळे जवळजवळ सगळ्या देशातल्या मुलांचा प्रॉम बुडाला. ती मुलंही मोठी झालीच. वाईट वाटलं ते न जाण्याचं नाही, जायचं की नाही हे आपल्या हातात राहिलं नाही, याचं.

आता लगेच करायचं ते. तिकिटविक्री बहुतेक शाळांत प्रॉमच्या दोन-तीन आठवडे आधी बंद होते, कारण हॉलवाल्यांना ताटांचा आकडा द्यावा लागतो. त्या तारखेनंतर मुलं माझ्याकडे रडत येतात आणि मला काही करता येत नाही. ड्रेस खालून कमी-जास्त करायला टेलर मे महिन्यात हमखास महिनाभर घेतात. म्हणजे घरातली ही चर्चा या शनिवार-रविवारी उरकून घ्या. परवानगीच्या फॉर्मवर पालकांची सही लागते, तो मागच्या पानासकट वाचा, घरी सोडण्याची वेळ आणि नियम तिथेच छापलेले असतात. आणि तिला विचारा, लायब्ररीचं पुस्तक किंवा खेळाचा युनिफॉर्म परत करायचा राहिलाय का? शाळेची थकबाकी असेल तर तिकीट देत नाहीत, आणि दरवर्षी कुणीतरी नववीत हरवलेल्या पुस्तकापायी खिडकीवरून परत जातं.